स्विमिंग पूलचा पंप सारखा बंद पडतोय? मोटर बदलण्याआधी मीटर लावा

पंप सुरू होतो, अर्धा-पाऊण तास बरा चालतो आणि आपोआप बंद पडतो. थोड्या वेळाने पुन्हा सुरू. ही तक्रार सांगितली की हमखास उत्तर येतं, "मोटर गेली, नवी टाका." एवढ्यावर पैसे घालवू नका. अशा बऱ्याच पंपांत मला मोटर धडधाकट आणि दोष तिच्या बाहेर सापडला आहे.

टायमरच्या वेळा, स्किमरच्या (काठावरच्या, वरचं पाणी ओढणाऱ्या तोंडाच्या) निम्म्यापर्यंत पाणी, स्वच्छ जाळी, झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) हे सगळं तुम्ही पाहिलंय असं धरून चालतो.

आधी बघा, सप्लाय तोडतंय कोण

पंप बंद पडल्यावर हात न लावता पॅनेलपाशी जा.

आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडला, म्हणजे ट्रिप झाला असेल तर करंट जमिनीत गळतोय. टर्मिनल बॉक्समध्ये ओल, केबलच्या जोडात पाणी किंवा वायंडिंगचं (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचं) खराब झालेलं इन्सुलेशन ही नेहमीची कारणं. पाऊस पडून गेल्यावरच पडत असेल तर संशय ओलीवर घ्या. "तात्पुरता बायपास करून चालवा" असं कोणी सुचवलं तर त्या माणसाला पुन्हा पॅनेलजवळ येऊ देऊ नका. त्या पाण्यात माणसं उतरतात. दोष सापडेपर्यंत पंप बंद आणि पूलही बंद. इन्सुलेशनची तपासणी इलेक्ट्रिशियनकडून मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) करून घ्या.

एमसीबी (करंट जास्त झाला की तोडणारा स्विच) पडत असेल तर किती वेळाने, ते महत्त्वाचं. स्विच टाकताक्षणी पडला तर शॉर्ट. मोटर काही सेकंद नुसती घूं करून पडला तर कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) गेलाय किंवा इंपेलरमध्ये (पाणी ढकलणाऱ्या चक्रात) खडा अडकलाय. बऱ्याच वेळाने पडत असेल तर ओव्हरलोड, नाहीतर एमसीबीच्याच टर्मिनलवर सैल स्क्रू. मोठ्या अँपिअरचा एमसीबी टाकणं हा उपाय नाही. एमसीबी तारेचं रक्षण करतो. तो वाढवलात की तार जळेपर्यंत कोणी थांबवणारं राहत नाही.

पंप व्हेरिएबल स्पीडचा (वेग बदलता येणारा) असेल तर पडद्यावरचा एरर कोड लिहून घ्या आणि पुस्तिकेत बघा. प्रायमिंगचा (पंपात पाणी भरलं नसल्याचा) कोड आला तर सक्शनच्या (पाणी ओढण्याच्या) बाजूने हवा शिरतेय.

घूं करणाऱ्या मोटरचं काम सोपं आहे. सप्लाय तोडा, शाफ्ट (मोटरचा दांडा) हाताने फिरवून बघा. फिरत नसेल तर इंपेलर उघडा. फिरत असेल तर कपॅसिटर बदला: मायक्रोफॅरड तेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. जुना काढण्याआधी रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा, सप्लाय तोडल्यावरही त्यात चार्ज राहतो.

आरसीसीबी, एमसीबी जागेवर आणि मोटर हात लावता येणार नाही इतकी तापलेली

खरा घोळ इथे आहे. मोटरच्या आतलं थर्मल ओव्हरलोड (फार तापलं की सप्लाय तोडणारा स्विच) तिला तोडतंय आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतंय. मला सर्वात जास्त छळलं ते याच दोषाने, कारण तपासायला गेलं की सगळं ठीक दिसतं. पंप बंद असताना मीटर लावला, २३० व्होल्ट आले, सप्लाय उत्तम असं म्हणून लोक मोकळे होतात. लोड नसताना घेतलेलं ते रीडिंग काहीच सांगत नाही. सैल जोड किंवा बारीक तार व्होल्टेज खाते ती करंट वाहत असतानाच.

म्हणून मोजायचं ते पंप पूर्ण लोडवर चालू असताना, आणि पॅनेलवर नाही तर मोटरच्या टर्मिनलवर. चालू तारांवर काम करायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, पण हेच रीडिंग मागा; "सप्लाय बघा" एवढंच म्हणालात तर तो पॅनेलवर बघून निघून जाईल. नेमप्लेटवरच्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घट चालत नाही, म्हणजे २३० च्या मोटरला २०७ च्या खाली नाही. व्होल्टेज उतरलं की तेच काम करायला मोटर जास्त करंट ओढते. करंट १० टक्के वाढला तर वायंडिंगमधली उष्णता सुमारे २१ टक्के वाढते. थर्मल मग अर्ध्या तासात तोडणारच.

मोटरवर कमी आणि त्याच वेळी पॅनेलवर पुरेसं व्होल्टेज दिसलं, तर दोष मधल्या रस्त्यात. सप्लाय तोडून प्रत्येक टर्मिनल उघडा. टाइमरच्या काँटॅक्टजवळ किंवा मोटरच्या बॉक्समध्ये एखाद्या तारेचं इन्सुलेशन टोकाशी तपकिरी, कडक झालेलं सापडतं, खाली तांबं काळवंडलेलं. तेवढा तुकडा कापून टाका, ताजं तांबं सोला, टोकावर लग (धातूची टोपी) दाबून क्रिम्प करा, स्क्रू घट्ट आवळा. काळ्या टोकावरच स्क्रू आवळून भागवू नका, काही आठवड्यांत तेच दुखणं परत येतं. जोड सगळे चांगले असूनही घट राहिली तर केबल लांबीच्या मानाने बारीक आहे, ती बदलावीच लागेल. पॅनेलवरही व्होल्टेज कमी असेल तर मागून येणारा सप्लाय तपासा.

व्होल्टेज बरोबर निघालं तर क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) लावा. क्लॅम्पमध्ये फक्त फेजची तार घ्या, फेज-न्यूट्रल एकत्र घेतले तर रीडिंग शून्याच्या जवळ येतं. करंट नेमप्लेटपेक्षा जास्त असेल तर बेअरिंग किंवा घासणारा इंपेलर बघा; बेअरिंग किंचाळून आधीच सांगतं.

इथे एक चुकीचा सल्ला फार चालतो: "फिल्टर चोंदलाय म्हणून मोटरवर लोड येतोय." सेंट्रिफ्यूगल पंपात उलटं होतं. पाणी अडलं की प्रवाह कमी होतो आणि करंट उतरतो. बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणं) जरूर करा, पण ओव्हरलोडचं कारण तिथे शोधू नका. उलट पाइप मोठे टाकल्यावर त्रास सुरू झाला असेल, तर रिटर्नचा (पूलकडे परत जाणाऱ्या पाइपचा) व्हॉल्व्ह थोडा आवळून करंट बघा. उतरला, तर पंप गरजेपेक्षा जास्त पाणी ढकलतोय.

करंटही नेमप्लेटच्या आत असेल आणि तरी मोटर तापत असेल, तर तिला हवा मिळत नाही. मागच्या फॅन कव्हरमधला पाला, कोळ्याची जाळी काढा. मोटर पेटीत कोंडली असेल तर पेटी उघडी ठेवा, उन्हात असेल तर वर छप्पर घाला, बाजू मात्र मोकळ्या हव्यात. तापलेल्या मोटरवर पाणी ओतू नका.

व्होल्टेज, करंट, हवा सगळं ठीक असूनही तोडत असेल, तर मात्र थर्मल थकलंय किंवा वायंडिंग. आता मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे न्या.

दुरुस्तीनंतर पाच मिनिटं चालवून समाधान मानू नका. भर दुपारी तीन-चार तास सलग चालवा आणि शेवटी टर्मिनलवरचं व्होल्टेज पुन्हा मोजा.