तिथी बघा, मग खाडीवर जा

सिडकोने १९७० नंतर नवी मुंबई आखली. दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव ही कोळी-आगऱ्यांची गावं त्याच्या कितीतरी आधीची. इथला दिवस अजून पाण्याच्या वेळेवर चालतो, म्हणून खाडीची ताजी मासळी हवी असेल तर रविवार बघून उपयोग नाही, तिथी बघावी लागते.

हिशेब एका ओळीचा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आज दशमी असेल तर १० ची पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला पूर्ण भरती, तिथून सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेदोनला, पूर्ण ओहोटी, आणि रात्री आठच्या सुमारास पुन्हा भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा.

चुकतं ते दोन ठिकाणी. वद्य दशमीला काहीजण पौर्णिमेपासून पुढे मोजत २५ धरतात. दोन्ही पक्षांत मोजणी १ पासूनच करायची. पंचांगात अमावास्येपुढे ३० छापलेलं असतं, तिथेही १५ च घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. मुंबईच्या किनाऱ्यालाच तो अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, आणि ठाणे खाडीत आतपर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो. ऐरोली किंवा कळव्यासाठी निघालेल्या वेळेत तासभर मिळवून ठेवा. होडीत बसायचं असेल तर मात्र छापील भरती-ओहोटीचं कोष्टकच बघावं.

रोहित पक्षी बघायलाही हाच हिशेब. ते चिखलात चरतात. पाणी चढू लागलं की थवा चिखलाच्या कडेबरोबर किनाऱ्याकडे सरकतो, म्हणून भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोहोचा. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि थवे नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर विसाव्याला येतात. पूर्ण ओहोटीला ते इतके लांब असतात की नुसता गुलाबी पट्टा दिसतो. जवळ जायला चिखलात उतरू नका. पाय मांडीपर्यंत रुततो आणि पाणी परत फिरतं.

आता मासळी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ असते, जाळ्यात मासळी लागते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. पाणी मंद, मासळी कमी, वाटा (विकायला मांडलेला मासळीचा ढीग) महाग. खाडीतल्या बऱ्याच धक्क्यांपुढे गाळ साचलाय, त्यामुळे ओहोटीला होडी लागत नाही. भरती चढताना होड्या परततात, तेव्हा पूर्ण भरतीच्या जरा आधी धक्क्यावर असलेलं बरं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. त्या दिवसांत खाडीची कोळंबी, बोय, निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) यांवरच भर असतो.

निवट्या जिवंतच घ्या. घरी आणल्यावर जाड मीठ किंवा राख लावून चोळा, तीन-चार पाणी बदला, बुळबुळीतपणा गेला की मगच कापा. कोळंबीचं डोकं सैल झालं असेल किंवा मानेपाशी काळं पडलं असेल तर ती कालची.

खरी परीक्षा चिंबोरीची, म्हणजे खाडीतल्या खेकड्याची. कोळीवाड्यात अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या मानतात आणि पौर्णिमेच्या पोकळ. तरी हातात घेऊन बघाच. विकणाऱ्या मावशींना सांगून उलटी करून घ्या आणि पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबा. कवच दबलं तर तिने नुकतीच कात टाकलीय, आत पाणीच निघेल. टणक लागली आणि आकाराच्या मानाने जड वाटली तर घ्या. पोटाची झडप रुंद आणि गोलसर असेल तर मादी, निमुळती त्रिकोणी असेल तर नर. लाख (आतली केशरी अंडी) हवी असेल तर मादी, नांग्यांचं मांस हवं असेल तर नर. नांग्या ओल्या जाड सुतळीने बांधलेल्या असतील तर तिचंही वजन तुमच्याच पैशात जातं. वाट्यावर घेतल्या तर हा प्रश्न येत नाही.

घरी नेताना ओल्या गोणपाटात गुंडाळा. बादलीभर पाण्यात ठेवल्या तर त्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि चिंबोऱ्या गुदमरून मरतात. वाटेत मेलेली चिंबोरी टाकून द्या. तिचं मांस फार लवकर खराब होतं.