पिना निवडायचं यंत्र कसं बसवावं: चांगली पिन हिरव्या डब्यात, बाकी सगळं लाल डब्यात

भोसरी, चाकण, अंबड, शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या शेडमध्ये संध्याकाळी गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. टेबलावर परात, परातीत ताज्या टर्न केलेल्या, म्हणजे लेथवर कापून गोल केलेल्या पिना, आणि दोन-तीन जणी मान खाली घालून त्या निवडत बसलेल्या, तांदळातले खडे निवडावेत तशा. पहिला तासभर निवड चोख होते. मग डोळे शिणतात, बोटं सवयीने चालत राहतात आणि खराब पीस चांगल्यात जातो.

सेकंदाला एक पिन धरली तर आठ तासांच्या शिफ्टमध्ये २८,८०० पिना होतात. दहा लाखांत १०० खराब, म्हणजे १०० पीपीएम, हे प्रमाण कागदावर फारच थोडं वाटतं. तरी त्या हिशेबाने एका शिफ्टच्या मालातून जवळजवळ तीन खराब पिना गिऱ्हाइकाकडे जातात. तिथे हाताने जोडणी होत असेल तर माणूस ती पिन बाजूला टाकतो. ऑटोमॅटिक लाइन असेल तर पिन नळीत अडकते, लाइन थांबते आणि आपल्याला फोन येतो.

हा त्रास जुनाच आहे. अमेरिकेत सायकलच्या बेअरिंगचे छर्रे मुली हाताने तपासत, त्याचं वर्णन फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली लिहून ठेवलं आहे. डाव्या हाताची दोन बोटं जवळ घ्यायची, त्यांच्या मागच्या बाजूला पडणाऱ्या खाचेत छर्रे ठेवून उजेडात फिरवत राहायचं आणि खराब दिसला की उजव्या हातातल्या लोहचुंबकाने उचलायचा. तिथे कामाचे तास साडेदहावरून साडेआठवर आणल्यावर काम घटलं नाही. मला त्या वर्णनातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. दर दोन-तीन दिवसांनी मुख्य तपासनीस मोजून चांगले आणि मोजून खराब छर्रे घालून एक खास ढीग तयार करी आणि तो गुपचूप तपासायला देई. आपल्या यंत्रालाही हीच परीक्षा द्यायची आहे, ते पुढे येईलच.

इथे उदाहरणाला ८ मिमी जाडीची, २५ मिमी लांबीची साधी स्टीलची पिन घेतली आहे. ड्रॉइंगवर जाडी ८.०० अधिक-उणे ०.०५ मिमी. यंत्र दोन भागांचं: जाडीसाठी दोन रोलर, लांबीसाठी एक पन्हळ. दोन्हीकडे नियम एकच. पिन चांगली आहे हे सिद्ध झालं तरच ती हिरव्या डब्यात जाईल. शंका आली, वीज गेली, सेन्सर बंद पडला, तर ती हिरव्यात जाता कामा नये.

पहिली पायरी: खराब म्हणजे काय ते ठरवा

आठवडाभराचा रिजेक्शनचा डबा टेबलावर ओता आणि कारणानुसार ढीग करा. साधारणपणे चार ढीग पडतात. जाड पिना, त्यात बर (कापताना कडेला उरलेली धातूची धार) राहिलेल्याही येतात. बारीक पिना. बारच्या, म्हणजे ज्या लांब दांड्यातून पिना कापतात त्याच्या, शेवटी निघालेले आखूड तुकडे. आणि पार्टिंगच्या जागी, म्हणजे पिन बारपासून कापून वेगळी होते तिथे, मधोमध कोंब उरलेल्या पिना. सगळ्यात मोठा ढीग कुठला आणि गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त नडणारा कुठला, हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. दोन्हींची उत्तरं लिहून ठेवा.

इथेच एक मर्यादाही मान्य करा. ८ मिमीच्या ग्राइंड केलेल्या डॉवेल पिनला (दोन भाग अचूक जागी धरणाऱ्या पिनेला) एम६ हा काटेकोर टॉलरन्स असेल तर ती ८.००६ ते ८.०१५ मध्येच बसावी लागते, म्हणजे जागा फक्त ९ मायक्रॉनची. ते काम या यंत्राचं नाही. ०.१ मिमीची जागा असलेल्या टर्न केलेल्या मालाला मात्र हे उत्तम चालतं.

दुसरी पायरी: माल धुवा, वाळवा, चुंबकत्व काढा

कूलंटने माखलेली पिन रोलरला चिकटून पुढे जाते आणि उशिरा खाली पडते. चिप चिकटलेली पिन जाड ठरते. चुंबकाने उचललेल्या मालात थोडं चुंबकत्व उरलं तर दोन पिना एकमेकींना धरून येतात. म्हणून धुणं, वाळवणं आणि गरज असेल तिथे डीमॅग्नेटायझरवरून फिरवणं हे निवडीचंच काम समजा.

तिसरी पायरी: रोलर

दोन ग्राइंड केलेले कडक रोलर घ्या, व्यास ४० मिमी, कामाची लांबी ६०० मिमी. ते शेजारी-शेजारी बसवायचे, वरच्या टोकाला फट किंचित कमी आणि खालच्या टोकाला किंचित जास्त. सगळा सांगाडा ७ ते १० अंश उताराचा. पिन वरून लांबीच्या दिशेने येते, दोन रोलरच्या मधल्या खाचेत बसते आणि घसरत जाते. जिथे फट तिच्या जाडीपेक्षा मोठी होते तिथे ती खाली पडते. बारीक पिन आधी, जाड नंतर.

एवढ्या कमी उतारावर पिन घसरते कशी, असा प्रश्न पडेल. घट्ट बूच नुसतं ओढलं तर निघत नाही, फिरवत ओढलं की निघतं, तसंच हे आहे. रोलर फिरत असल्यामुळे घर्षणाचा जोर फिरण्याच्या दिशेत खर्च होतो आणि उताराच्या दिशेने पिन जवळजवळ मोकळी सुटते.

रोलर फिरवायचे ते वरच्या बाजूने एकमेकांपासून दूर जातील असे. मग फटीतले दोन्ही पृष्ठभाग खालून वर सरकतात, पिनेला सतत वर उचलत राहतात आणि ती पाचरीसारखी अडकत नाही. उलट फिरवले तर पहिल्याच मिनिटाला पिन आत ओढली जाऊन रोलरला ओरखडा पडेल. पण याचाच अर्थ असा की बोट ओढून घेणारी जागा खालच्या बाजूला तयार होते. अडकलेली पिन काढायला माणूस नेमका खालूनच हात घालतो. म्हणून खालीही जाळी किंवा पारदर्शक झाकण हवं आणि ते उघडताच मोटर बंद करणारा लिमिट स्विच हवा. ही गोष्ट ‘नंतर बघू’ या यादीत टाकू नका.

दोन्ही रोलर उलट दिशेला फिरवायचा सोपा उपाय म्हणजे गिअरची जोडी. ४० चा रोलर आणि ८ ची फट, म्हणजे केंद्रांतलं अंतर ४८ मिमी. मॉड्यूल २ चे (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) २४ दातांचे दोन गिअर बरोबर या अंतरावर बसतात. ते खालच्या टोकाला बसवा. वरच्या टोकाला अंतर ४८ पेक्षा थोडं कमी असतं, तिथे दात घट्ट बसतील, आवाज करतील आणि झिजतील.

गिअरच्या आधी रोलरचा शेवटचा ४० मिमी भाग ३८ व्यासाचा करून घ्या. तिथे फट एकदम २ मिमीने वाढते आणि कितीही बर असलेली पिन खाली पडून जाते. शेवटी काही अडकून राहत नाही.

चौथी पायरी: फट लावणं

वरच्या टोकाला ७.९०, खालच्या टोकाला ८.१०. म्हणजे ६०० मिमीत ०.२० चा फरक, दर ३० मिमीला ०.०१. एक रोलर पक्का ठेवा, दुसऱ्याचे बेअरिंग ब्लॉक बारीक आट्यांच्या स्क्रूने सरकतील असे करा.

मोजायला ०.०१ च्या टप्प्याच्या पिन गेज (पक्क्या मापाच्या गोल कांड्या) वापरा, फीलर गेज (पातळ पट्ट्यांचं माप) नको, त्याने गोल पृष्ठभागांमधली फट नीट कळत नाही. रोलर बंद ठेवून गेज घाला, मग पाव फेरा फिरवून पुन्हा घाला, असं चार वेळा. चारही वेळा सारखं लागलं नाही तर रोलर डायलखाली तपासा. रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, ०.००५ च्या आत असावा. बोल्ट आवळले की फट हलते, त्यामुळे आवळल्यावर सगळं मोजमाप पुन्हा. यंत्र अर्धा तास रिकामं चालवून आणखी एकदा.

पाचवी पायरी: डब्यांच्या भिंती

नुसता हिशेब केला तर ७.९५ ची फट १५० मिमीवर येते आणि ८.०५ ची ४५० वर. मग १५० ते ४५० हिरवा डबा, असं वाटेल. तिथेच घात होतो.

पिन २५ मिमी लांब आहे. तिचं पुढचं टोक मोठ्या फटीवर आलं तरी शेपूट अजून लहान फटीत असतं, आणि शेपूट सुटल्याशिवाय पिन पडत नाही. शिवाय ती चालत्या वेगात पडते. म्हणजे प्रत्येक पिन हिशेबापेक्षा थोडी पुढे जाऊन पडणार. जाड पिन पुढे गेली तर लालमध्येच जाते, बिघडत काही नाही. बारीक पिन पुढे गेली तर ती हिरव्यात जाते. चूक होण्याची धोकादायक बाजू ही एकच आहे, तिथे जागा मोकळ्या हाताने सोडा.

माझ्या मते सुरुवात अशी करावी: ० ते १५० लाल, १५० ते २०० पिवळा, २०० ते ४३० हिरवा, ४३० ते ४८० पिवळा, पुढे पुन्हा लाल. पिवळ्यातल्या पिना मायक्रोमीटरने हाताने तपासायच्या. पिवळ्यात चांगल्या पिनाही बऱ्याच सापडतील आणि मालक म्हणेल, भिंत सरकवा. सातव्या पायरीतली परीक्षा झाल्याशिवाय सरकवू नका.

सहावी पायरी: लांबीची पन्हळ

हिरव्यातली पिन सरळ डब्यात न टाकता एका अरुंद पन्हळीत सोडा, पुढे एक अडसर. अडसराला टेकून पिन क्षणभर थांबते. टोकाशी एक प्रॉक्सिमिटी सेन्सर (न शिवता जवळचा धातू ओळखणारा), २२ मिमीवर दुसरा, २८ मिमीवर तिसरा. पहिले दोन ‘धातू आहे’ म्हणाले आणि तिसरा ‘नाही’ म्हणाला, तरच झडप हिरव्याकडे वळते. झडप स्प्रिंगने कायम लालकडे ओढलेली असते, हिरव्याकडे वळायला तिला वीज लागते. वायर तुटली, हवा संपली, प्रोग्राम अडकला, तरी पिन लालमध्येच जाईल. तिसऱ्या सेन्सरची वायर मात्र जपा, कारण तो गप्प असणं हाच होकार मानला जातो. तिथे ‘नॉर्मली क्लोज्ड’ प्रकारचा, म्हणजे धातू नसतानाच सिग्नल देणारा सेन्सर वापरलात तर वायर तुटल्यावरही होकार मिळत नाही.

या सेन्सरकडून मिलिमीटरभराच्या फरकाचीच अपेक्षा ठेवा. बारच्या शेवटचा तुकडा किंवा पार्टिंग न झालेली जोडपिन ते पकडतात. लांबीतला दशांश मिलिमीटर पकडायचा तर वेगळं गेजिंग लागतं.

सातवी पायरी: यंत्राची परीक्षा

मोजून पक्क्या केलेल्या पिना, म्हणजे मास्टर पिना, बाजूला काढा: पाच ७.९४ च्या, पाच ८.०६ च्या, पाच मधल्या चांगल्या, दोन आखूड. या ओळखू याव्यात म्हणून खूण लागते. खूण फक्त टोकाच्या गोल तोंडावर करा. अंगावर लाल रंग लावण्याची चूक मी स्वतः केली आहे. रंगाच्या थराने बारीक मास्टर पिना जाड झाल्या, बिनदिक्कत हिरव्यात पडू लागल्या, आणि आम्ही दीड दिवस रोलर सेट करत बसलो. पंचनेही खूण नको, तोंडाची कड उचलली जाते. इलेक्ट्रिक एचिंग, म्हणजे विजेने खूण कोरणं, सगळ्यात बरं.

या पिना चालू मालात मिसळून सोडा, एकदा नाही, तीस वेळा. खराब पिन एकदाही हिरव्यात गेली तर भिंत किंवा वेग बदला आणि पुन्हा शून्यापासून तीस. वेग वाढवला की बारीक पिना पुढे जातात, हे तुम्हाला इथे डोळ्यांनी दिसेल. नंतर प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला आणि शेवटी एक फेरी. शेवटच्या फेरीत यंत्र नापास झालं तर त्या शिफ्टचा सगळा हिरवा माल पुन्हा निवडायचा. मास्टर पिना मोजून आत सोडा आणि मोजून बाहेर काढा, नाही तर त्याच गिऱ्हाइकाकडे जातील.

आठवी पायरी: रोजचं चालवणं

रोलरवर पिना एकेक करून सोडणाऱ्या व्हायब्रेटरच्या बाउलमध्ये माल कमी झाला की पिनांचा वेग बदलतो, त्यामुळे बाउल अर्ध्याच्या आसपास भरलेला ठेवा. एक पिन साधारण ९.८६ ग्रॅमची, म्हणजे हजार पिना ९.८६ किलो. आत गेलेलं वजन आणि सगळ्या डब्यांचं मिळून वजन जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर टॉर्च घेऊन सांगाड्याखाली, झाकणाच्या कोपऱ्यात, पन्हळीमागे शोधा. पुढच्या लॉटला दुसरी पिन लावणार असाल तर तिथे राहिलेली एक पिनही नडायला पुरे असते.

लाल डब्याला कुलूप आणि वरून फक्त फट. किल्ली क्वालिटीकडे.

हे यंत्र प्रत्येक पिनेची सगळ्यात जाड जागाच बघतं. मध्ये खोलगट पण टोकांना बरोबर असलेली पिन त्यातून सुटते. तडा, कमी कडकपणा, पार्टिंगचा लहानसा कोंब त्याला दिसत नाही. त्यासाठी ताशी पाच पिना हिरव्या डब्यातून काढून हाताने बघण्याची पद्धत चालू ठेवा.

आणि लाल डब्यातल्या पिना दर तासाला मोजून फळ्यावर लिहा, जाड वेगळ्या, बारीक वेगळ्या. लेथवर इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचं बदलता येणारं टोक) झिजत जातो तशी पिन जाड होत जाते. फळ्यावर जाडचा आकडा चार, सात, पंधरा असा चढताना दिसला की सेटरला हाक मारा आणि तेवढ्यात इन्सर्ट बदलून घ्या.