आई-बाबा इंग्लंडला आलेत? एक दिवस कॉर्फचा किल्ला आणि वाफेची गाडी

लंडन दाखवून झालं की आई-बाबांना दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात न्या. सुट्टीच्या दिवशी कॉर्फ गावात गाडी घालू नका, अरुंद रस्त्यावर रांगेतच अर्धी सकाळ जाते. गावाच्या अलीकडे नॉर्डन स्टेशनला पैसे भरून गाडी लावा आणि वाफेच्या इंजिनाच्या स्वॉनेज रेल्वेत बसा. निघण्याआधी वेळापत्रक बघा, कारण काही फेऱ्यांना डिझेल इंजिन असतं आणि आपल्या बाबांना धूर हवा असतो! मध्ये उतरून पुन्हा बसता येईल असंच तिकीट मागा.

इंजिनाकडे तोंड करून उजवीकडची खिडकी धरा. पहिल्याच वळणावर किल्ला दिसतो आणि दोन-चार मिनिटांत कॉर्फ येतं. 1885 चा हा फाटा 1972 मध्ये बंद पडला, रूळही उखडले. हौशी मंडळींनी ते पुन्हा टाकत 1995 मध्ये नॉर्डन गाठलं. तिकीट तपासणारे आजोबासुद्धा बहुधा बिनपगारी असतात. बाबांना त्यांच्याशी बोलू द्या, पुढची गाडी पकडू.

किल्ला जेवणाआधीच चढा. चढ छोटा पण उभा आहे. बाबागाडी खालीच ठेवा, सासूबाईंना काठी द्या. नॅशनल ट्रस्टचं (जुन्या वास्तू सांभाळणारी संस्था) सदस्यत्व असेल तर तिकीट लागत नाही. आतल्या दरवाज्याशी जरा थांबा, त्याची एक बाजू अख्खीच्या अख्खी खाली घसरलेली दिसेल. राजा विरुद्ध पार्लमेंट अशा इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूच्या मेरी बँक्स या बाईने हा किल्ला लढवला. शेवटी तो पडला फितुरीने. मग 1646 मध्ये पार्लमेंटने त्याला सुरुंग लावले. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा-दरवाजे उडवले ना, तोच उद्योग त्याआधी यांनी घरी करून पाहिला होता, असं मी सांगते. आमच्याकडे या वाक्यावर तासभर चर्चा चालते.

वरून पूर्वेकडे बघत राहा, खालून गाडी जाते. फोटो तिथूनच घ्या.

दशम्या आणि कोरडी चटणी गवतावर बसून खा. मग पुन्हा त्याच रेल्वेने स्वॉनेजला जा, स्टेशनपासून समुद्र चालत पाच-सात मिनिटांवर आहे. चिप्स घेतल्या तर पुडा छातीशी धरा, सीगल हातातून पळवतात. नॉर्डनला परतायची शेवटची गाडी मात्र आधीच लिहून ठेवा, ती तुमच्या अंदाजापेक्षा लवकर असू शकते.