रोमन नाण्यावरची इमारत कशी वाचायची

आधी वजन करा, मग चित्राकडे वळा. पहिल्या शतकातला सेस्टर्शियस, म्हणजे मोठं पितळी रोमन नाणं, साधारण 25 ग्रॅम, व्यास 33-35 मिलिमीटर. अ‍ॅस हे तांब्याचं छोटं नाणं त्याच्या निम्म्याहून हलका. झीज धरूनही वजन फारच कमी भरलं, तर शंका घ्या. कडेवर भिंगातून सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे दिसले, तर नाणं ठशाने ठोकलेलं नाही, ओतीव आहे, म्हणजे बहुधा नक्कल.

दिवा बाजूने, जवळजवळ आडवा धरा. झिजलेलं छप्परही उठून दिसतं. सम्राट नीरोच्या नाण्यावर जानस या रोमन दारदेवाचं मंदिर असेल तर बंद जोडदार, त्यावर लटकती माळ, शेजारी जाळीदार खिडकीची भिंत. नाण्यावरच्या लेखाचा अर्थ: जमिनीवर आणि समुद्रावर शांतता आणून दार मिटलं. खांब मोजून मंदिर ओळखायला मात्र जाऊ नका. मधल्या मूर्तीला जागा मिळावी म्हणून ठसा कोरणारे सहाचे चार खांब करत. सम्राट टायटसच्या कलोसियमच्या नाण्यावर आतले प्रेक्षकही दिसतात. ते इतकं दुर्मीळ, की स्वस्तात मिळालं तर खोटंच समजा.

चिंच-पितांबरी ही घरच्या समईसाठी, नाण्यासाठी नव्हे. शतकांत धातूवर चढलेला थर एका घासणीत जातो. नाशिकच्या पावसाळ्यात फिकट हिरवी भुकटी सुटली, तर तो क्लोराइडचा रोग. लाकडी काडीने खरवडा, डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला, पूर्ण सुकवून सिलिका जेलसह घट्ट डबीत ठेवा. इतर नाण्यांपासून लांबच.

ताडून पाहायला अंजनेरीचं नाणेशास्त्र संशोधन केंद्र नाशिकजवळच आहे.