आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली नव्हे: मफलर पॅकिंगच्या या चुका टाळा

इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूने फिरून आलेल्या भाच्याने राजेंद्रनगरच्या आमच्या अंगणात डर्ट बाइक लावली आणि हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाला, "मामा, आवाज ऐक कसा मोकळा सुटलाय! फक्त मध्येच ओढत नाही, पिकअप बसलाय. जेट एक नंबर मोठा टाकला, तरी तसंच." (जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधलं बारीक भोकाचं बोंड, इंजिनात किती पेट्रोल जायचं ते त्यावर ठरतं.) आवाज सुटल्याचा आनंद वेगळा आणि पिकअप गेल्याची तक्रार वेगळी, असं त्याला वाटत होतं. मी सायलेन्सर, म्हणजेच मफलर, पूर्ण थंड होऊ दिला आणि डब्यावर बोटाच्या पेराने ठोकलं. भरलेला डबा 'ठप्प' असा बसका वाजतो. हा पुढच्या टोकाला टण्ण वाजला. पॅकिंग, म्हणजे आत भरलेली आवाज जिरवणारी लोकर, जळून उडून गेलं होतं.

इंदूरमध्ये चोरल, पाताळपाणी, जानापावच्या वाटांवर मातीत गाडी चालवणारी पोरं आता बरीच आहेत. चेन, एअर फिल्टर, क्लचची ती मनापासून काळजी घेतात. सायलेन्सरच्या पोटात काय आहे हे मात्र बहुतेकांनी कधी पाहिलेलं नसतं, आणि या लेखातल्या जवळपास सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात.

डर्ट बाइकच्या सायलेन्सरची रचना साधी आहे. मधून भोकाभोकांची नळी जाते, बाहेर अॅल्युमिनियमचा डबा असतो, आणि दोन्हींच्या मधे ग्लासवूल किंवा तसाच दुसरा तंतू भरलेला असतो. आवाजाची लाट भोकांतून त्या तंतूंत शिरते, त्यांच्यात घासत जाते आणि तिची उष्णता होते. तंतू गेले की तिथे पोकळी राहते. मग एक्झॉस्टचा प्रत्येक ठोका नळीतून सरळ जाण्याऐवजी त्या पोकळीत फुगतो, घुसळतो आणि उलट्या लाटा मागे पाठवतो. कंपनीने जो पाइप जुळवला होता तो आता तसा राहत नाही. खालच्या आणि मधल्या आरपीएमला (इंजिनाच्या फेऱ्यांना) गाडी ढिली लागते, थ्रॉटल दिल्यावर उत्तर उशिरा येतं. हा फरक अर्ध्या ताकदीचा वगैरे नसतो. तो थोडाच असतो, पण नेमका अशा जागी पडतो की सुट्ट्या दगडांच्या चढावर लगेच जाणवतो.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कानावर विश्वास ठेवणं. गाडी मोठ्याने ओरडते म्हणजे जोरात पळते, हा समज आपल्याकडे आरएक्स १०० या जुन्या टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमधली जाळी काढण्याच्या दिवसांपासून चालत आलाय. भाच्याने तेच केलं. कमी ओढतेय म्हणून जेट मोठा टाकला, आणि स्पार्क प्लग काढला तर काजळीने काळा. मूळ दोष तसाच राहिला आणि वर पेट्रोल-हवेचं मिश्रण बिघडलं. आधी पॅकिंग बघा, ते नीट भरा, मग प्लगचा रंग बघा. जेटला हात सगळ्यात शेवटी.

टू-स्ट्रोकची गोष्ट उलटी आहे आणि तिथे लोक जास्त फसतात. फोर-स्ट्रोकचं पॅकिंग जळून उडतं, टू-स्ट्रोकचं तेलाने भिजून घट्ट होतं. न जळलेलं पेट्रोल, तेल आणि काजळी त्या लोकरीत मुरत जाते. उघडलं की काळा, चिकट, ओल्या घोंगडीसारखा लगदा बाहेर येतो, आणि हातात घेतलं की डबा इतका जड का वाटत होता ते कळतं. नळीची भोकं काजळीने बुजतात आणि नळी आतून अरुंद होते. इंजिन आणि सायलेन्सरच्या मधल्या फुगीर चेंबरमधून निघालेल्या वायूला वाट कमी पडते, उष्णता वाढते आणि वरच्या आरपीएमला गाडी घुसमटते. अशा वेळी नुसतं पॅकिंग बदलून सायलेन्सर बंद केला तर चार राइडनंतर तोच लगदा पुन्हा तयार. सांध्यातून काळं तेल गळत असेल तर बहुतेक वेळा मिश्रण गरजेपेक्षा जाड (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) असतं, किंवा गाडी नुसती हळूहळू फिरवली जाते. पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं प्रमाणही कंपनीने सांगितलंय तेवढंच ठेवा. "थोडं जास्तच बरं" हे इथे चालत नाही.

आता भरायच्या सामानाविषयी, कारण सगळ्यात जास्त जुगाड इथेच होतो. छताच्या पत्र्याखाली घालतात ती पिवळी लोकर हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळते, म्हणून लोक तीच कोंबतात. त्या लोकरीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ सायलेन्सरच्या उष्णतेत जळतो, घाण वासाचा धूर होतो, आणि सुटे झालेले तंतू भोकांतून निघून जातात. भांडी घासायच्या तारेचंही तेच. साधं लोखंड गंजतं आणि तुटून पुढे जातं. सायलेन्सरसाठी लांब, अखंड धाग्याचं पॅकिंग मिळतं, तेच घ्या. अशा धाग्याची नेहमीची काच (ई-ग्लास) सुमारे ८४० अंश सेल्सियसला मऊ पडते, म्हणून जोरात चालणाऱ्या फोर-स्ट्रोकमध्ये नळीवर आधी स्टेनलेस स्टीलच्या लोकरीचा पातळ थर आणि त्यावर ग्लासवूल अशी जोडी जास्त टिकते. बेसॉल्टच्या तंतूंचं पॅकिंगही येतं. आपलं माळव्याचं पठार ज्या काळ्या दगडाचं आहे, तोच दगड वितळवून हे धागे ओढतात, आणि ते उष्णता चांगली सोसतात.

पॅकिंग किती भरायचं? दाबून दाबून भरलं की जास्त टिकेल असं वाटतं. तसं नाही. तंतूंच्या मधे हवा हवी, तिच्यातच आवाज जिरतो. ठासून भरलेल्या डब्यात तंतू भिंतीसारखे होतात, आवाज कमी व्हायचा तो होत नाही, आणि नळी आत सरकवताना सगळी लोकर एका टोकाला गोळा होते. सैल भरलं तर ठोक्यांनी ती हलत राहते आणि लवकर झिजते. माझी खूण अशी: नळीवर गुंडाळल्यावर डब्यापेक्षा थोडी जाड दिसावी, आणि दोन्ही तळव्यांनी दाबत, गुंडाळीच्याच दिशेने फिरवत नेली की आत जावी. हातोडी लागली तर जास्त झाली समजा. गुंडाळी सुटू नये म्हणून सुती दोरा किंवा मास्किंग टेप लावा. तो पहिल्या राइडला जळून जातो. प्लास्टिकची टेप नको, ती वितळून नळीला चिकटते.

उघडताना आणि लावतानाच्या चुका छोट्या, पण त्रास देणाऱ्या. रिव्हेटचं फक्त डोकं ड्रिलने उडवा. पूर्ण आरपार ड्रिल मारलं की भोक मोठं होतं आणि नवा रिव्हेट कायमचा ढिला बसतो. बऱ्याच सायलेन्सरवर ४.८ मिमीचे रिव्हेट असतात, तरी आपला मोजून घ्या. तुटलेली टोकं आत राहू देऊ नका, ती खडखडतात. नळी तारेच्या ब्रशने घासा आणि प्रत्येक भोक उजेडाकडे धरून बघा. मी तर चहा थंड होईपर्यंत एकेक भोक खिळ्याने मोकळं करत बसतो, कारण इथे घाई केली तर बाकीची मेहनत वाया जाते. टोपण बसवताना जास्त उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनचा पातळ थर द्या आणि तो रात्रभर सुकू द्या. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट न घालता हे काम करू नका. काचेचे तंतू त्वचेत शिरले की दोन दिवस खाज जात नाही, आणि छातीत तर जायलाच नकोत. जुना तेलकट लगदा जाळू नका, पिशवीत बांधून टाका.

एक्सपल्स किंवा हिमालयनसारख्या रस्त्यावरच्या गाडीचा कंपनीचा सायलेन्सर पॅकिंग शोधायला कापू नका. त्यात आवाज मुख्यतः कप्पे आणि नळ्या अडवतात, डबा वेल्ड करून बंद केलेला असतो. तिथे आवाज वाढला तर गंज, चीर किंवा गॅस्केट बघा.

पावसाळ्यातली आपली चूक वेगळीच. माळव्याची काळी माती ओली झाली की गाडीला लाडवासारखी चिकटते, आणि मग प्रेशरच्या पाण्याशिवाय निघत नाही. धुताना सायलेन्सरच्या तोंडाला बूच लावायला लोक विसरतात. पाणी थेट लोकरीत बसतं. गाडी लगेच सुरू करून गरम केली तर बरंचसं निघून जातं. तशीच आठवडाभर ठेवली तर आतून गंज धरतो आणि पॅकिंगचे गठ्ठे होतात. बूच काढायलाही विसरू नका, म्हणून त्याला मी लाल फडकं बांधून ठेवलंय.

सगळं खापर पॅकिंगवरही फोडू नका. थ्रॉटल सोडल्यावर फटफट फुटत असेल तर आधी हेडरचा, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या पाइपचा, सांधा बघा. थंड इंजिन सुरू करून, पाइप तापायच्या आत, सांध्याजवळ हात धरा. ठोका हाताला लागला तर तिथून गळतंय. टू-स्ट्रोक वरपर्यंत जातच नसेल तर पिस्टनच्या रिंगा आणि रीड व्हॉल्व्ह (इंजिनात मिश्रण आत घेणारी पातळ पात्यांची झडप) तपासा. एअर फिल्टर तर सगळ्यांच्या आधी. डब्याचा रंग एका जागी बदललाय, तिथलं स्टिकर जळालंय, तिथे हात धरवत नाही, असं असेल तर मात्र संशय नको. त्या जागेचं पॅकिंग गेलं.

भाच्याच्या डब्यात अर्धी लोकर शिल्लक होती, तीही मागच्या टोकाला. इंजिनकडची बाजू पूर्ण मोकळी. नवं पॅकिंग घातलं, जेट जुन्या नंबरवर आणला. दुसऱ्या दिवशी पहिली पाच मिनिटं मागून पांढरा धूर आला, भाचा घाबरला. दोरा आणि टेप जळत होते. परत आल्यावर त्याच्याकडून सगळे रिव्हेट पुन्हा दाबून बघून घेतले, एक ढिला निघाला, तो बदलला. "मामा, आवाज कमी झाला पण चढावर तिसऱ्यातच निघाली," असं तो म्हणाला. शनिवार-रविवार चालणाऱ्या गाडीचं मी साधारण २० तासांनी उघडून बघतो, शर्यतीच्या गाडीचं त्याहून लवकर. भाच्याच्या सायलेन्सरच्या टोपणाच्या आतल्या बाजूला आता खिळ्याने कोरलेली तारीख आहे, आणि हँडलला तासांचा मीटर.