एक्स्ट्राडिशन केसमधे निर्दोष असल्याचा पुरावा कसा मांडायचा

सगळ्यात आधी हे समजून घ्या की एक्स्ट्राडिशनचं, म्हणजे आरोपीला खटल्यासाठी दुसऱ्या देशाच्या ताब्यात द्यायचं की नाही हे बघणारं कोर्ट गुन्हा केला की नाही हे ठरवायला बसलेलंच नसतं, मागणी करणाऱ्या देशात खटला चालवण्याइतपत प्रथमदर्शनी पुरावा आहे का हेच ते सहसा बघतं. घरचे लोक धावपळ करून तिकिटं, फोटो, साक्षीदार गोळा करतात आणि जज म्हणतात हे तिकडच्या कोर्टात सांगा, तेव्हा पायाखालची जमीनच सरकते.

मग काय चालतं? अमेरिकेत 1913 आणि 1922 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांपासून एक भेद मानतात, खुलासा करणारा पुरावा घेतात, मागणी करणाऱ्या देशाच्या पुराव्याला खोटं पाडणारा सहसा घेत नाहीत. म्हणजे 'खात्यात आलेले पैसे या कराराचे आहेत' हा खुलासा झाला, पण 'साक्षीदार खोटं बोलतोय, मी त्या दिवशी तिथे नव्हतोच' हे खोटं पाडणं झालं, आणि मला हे फार अन्यायाचं वाटतं कारण निर्दोष माणसाकडे बहुतेक वेळा हेच असतं. पण ही रेघ पक्की नाही. 2016 मधे तिथल्या नवव्या सर्किट कोर्टाने (हे एक केंद्रीय अपील कोर्ट) सांगितलं की जबाब मारहाण करून घेतला असेल तर त्याचा पुरावा बघायलाच हवा. म्हणून त्या देशाने पाठवलेले कागद ओळ न ओळ वाचा, जबाब कोणी, कधी, कसा घेतला ते शोधा आणि वार तिथे करा. पकडलेला माणूस तोच आहे का हा मुद्दाही सोडू नका, तो कोर्टाला तपासावाच लागतो.

कॅनडात तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या 2006 च्या फेरास निकालानंतर उघडच बेभरवशाचा पुरावा जज बाजूला ठेवू शकतात. भारतात 1962 च्या प्रत्यर्पण (एक्स्ट्राडिशन) कायद्याच्या कलम 7 खाली मॅजिस्ट्रेट आरोपीच्या बाजूचा पुरावाही घेतात, आणि कोर्टात हरलात तरी कलम 29 खाली सुटकेसाठी केंद्र सरकारकडे जाता येतं.

कॅनडातले प्राध्यापक हसन दियाब यांची केस बघा. 1980 च्या पॅरिसमधल्या सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) स्फोटाची. कॅनडाच्या जजनी पुरावा कमकुवत म्हटलं तरी 2014 मधे त्यांना फ्रान्सला पाठवलं, तीनेक वर्षं तुरुंगात गेली, आणि 2018 मधे तिथल्याच तपास न्यायाधीशांनी तेव्हा ते बहुधा बैरूतमधे परीक्षा देत होते म्हणून सोडलं. पुढे तो निर्णय फिरला आणि 2023 मधे ते हजर नसताना शिक्षाही झाली. म्हणून इथे जज बघत नाहीत म्हणून हजेरीपट, पासपोर्टचे शिक्के टाकून देऊ नका, प्रमाणित प्रती आत्ताच काढा आणि तिकडच्या वकिलाकडे आधीच पोचवा.