विमान उतरताना आपटलं, तर तपास पथक येईपर्यंत काय करायचं

छोटं विमान उतरताना आपटतं, नोजव्हील म्हणजे पुढचं चाक मोडतं, प्रोपेलर वाकतो, आतली माणसं आपल्या पायांनी बाहेर येतात आणि पाचच मिनिटांत हँगरमध्ये निकाल लागलेला असतो. वेग जास्त होता. फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, उशिरा केला. वाऱ्याने दगा दिला. मी विमान देखभालीतला इंजिनिअर. असे निकाल पुष्कळ ऐकलेत. कारण शोधायला पुढे महिने मिळतात, गवतावरच्या खुणा पुसायला मात्र एक सर पुरते. म्हणून जो आधी पोचेल, मग तो इन्स्ट्रक्टर असो की हेल्पर, त्याने काय करावं ते लिहितो.

आधी माणसं आणि आग. त्यात खुणा पुसल्या गेल्या तर जाऊ द्या. पंखांतल्या टाक्या फुटलेल्या असू शकतात, तेव्हा वारा पाठीवर घेऊन जवळ जा. प्रोपेलरला हात लावू नका; इंजिनला ठिणगी देणारा मॅग्नेटो चालू राहिला असेल तर प्रोपेलर नुसता हलवला तरी इंजिन फटका देऊ शकतं. सिरससारख्या विमानांना स्वतःचं पॅराशूट असतं. ते उडवणारं रॉकेट मोडक्या सांगाड्यात तसंच भरलेलं राहिलेलं असू शकतं. इशाऱ्याचं लेबल दिसलं, की माहितगार येईपर्यंत तिथून लांब राहायचं.

मास्टर स्विच (विजेचा मुख्य), मॅग्नेटो आणि फ्युएल सिलेक्टर (इंधनाची कळ) बंद करावेच लागतात. जीवावर बेतलेलं नसेल तर आधी फोटो, मग हात. कोणती कळ कुठे होती आणि कोणी फिरवली, हे लगेच कागदावर उतरवा. नाहीतर ‘सिलेक्टर बंद सापडला’ एवढ्याच नोंदीवर पुढे सगळे डोकं खाजवत बसतात.

यानंतर विमान हलवायचं नाही. धावपट्टी अडली म्हणून ट्रॅक्टर आणायची घाई हमखास होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट 13 नुसार, म्हणजे अपघात तपासाच्या नियमांनुसार, पुरावा जपणं ही जबाबदारी आहे. माणसं सोडवणं, आग विझवणं, लोकांचा धोका किंवा अडथळा दूर करणं, अशा मोजक्याच सवलती आहेत. हलवणं भागच असेल तर तपास अधिकाऱ्यांची परवानगी घ्या, आणि त्याआधी मोजमाप व फोटो उरका.

आता खुणा. जे आधी नाहीसं होतं ते आधी टिपायचं. वाऱ्याची दिशा आणि जोर, तापमान, दवबिंदू यांची वेळेसकट नोंद करा. दवबिंदू कशाला, असं विचारतात. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायला बाहेर थंडी लागत नाही. हवा दमट असली की पंचवीस अंशांतही तो धरतो, आणि तुम्ही काऊल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडेपर्यंत वितळून गेलेला असतो. मग मागे उरतात ते हे दोन आकडे आणि कार्ब हीटच्या, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या, नॉबची जागा.

चाक जिथे पहिल्यांदा टेकलं तिथून चालायला लागा, विमानाकडून उलट नव्हे. खुणांच्या बाजूने चाला, त्यांच्यावरून नाही. मेजरिंग टेप पसरा आणि प्रत्येक खुणेचं अंतर लिहा. पहिली खूण मुख्य चाकांची की पुढच्या चाकाची, मध्ये मोकळी जागा किती, दुसऱ्यांदा कुठे टेकलं. उसळी, पुन्हा आपट, पुन्हा उसळी, आणि त्यातच नाकावर येणं हा क्रम जमिनीवर लिहिलेला असतो. सेसना 172 असेल तर टॉर्चच्या उजेडात फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्याच्या भिंतीचा, खालचा भाग बघा. नोजव्हीलचा भार तिथेच जातो, त्यामुळे नाकावर आपटलेल्या विमानात त्या पत्र्याला सुरकुत्या पडतात, कधी पॅडलजवळची फरशीही उचलली जाते. अशी सुरकुती जुन्या लँडिंगचीही असू शकते. रंग ताजा तडकलाय की भेगेत मळ बसलाय, ते जवळून पाहा.

प्रोपेलरच्या पात्यांनी जमिनीत पाडलेल्या चिरा हा माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा, आणि बघे नेमके त्याच तुडवतात. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला 2400 फेरे घेत असेल तर सेकंदाला 80 चिरा पडतात. 60 नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे 31 मीटर. म्हणजे दोन चिरांमध्ये साधारण 39 सेंटीमीटर. तोच प्रोपेलर 1000 फेऱ्यांवर असेल तर हेच अंतर 93 सेंटीमीटरच्या आसपास जातं. पायलट म्हणाला, ‘मी गो-अराउंडसाठी पूर्ण थ्रॉटल दिला होता,’ म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायला इंजिनला पूर्ण जोर दिला होता, तर ते किती जुळतं हे टेप सांगते. फक्त पहिल्याच दोन-चार चिरा धरा. पातं जमिनीला लागलं की इंजिन मंदावतं. शिवाय वेग किंवा फेरे यांतलं एक दुसरीकडून कळायला हवं, जीपीएसवरून किंवा कोणाच्या व्हिडिओतल्या आवाजावरून. पात्यांची टोकं पुढे वळलेली असली तर इंजिन जोरात होतं, अशी शक्यता वाढते. एक पातं सरळ आणि एक मागे दुमडलेलं, तर प्रोपेलर बहुधा फिरतच नव्हता.

कॉकपिटमधल्या लिव्हरवर आंधळा विश्वास नको. इंजिन जागचं हललं की केबल ओढली जाते आणि थ्रॉटल आपोआप सरकतो. म्हणून नॉबचाही फोटो हवा आणि कार्ब्युरेटरवरच्या आर्मचाही. फ्लॅपचं, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली उतरणाऱ्या पट्ट्यांचं, तेच: स्विच एक सांगतो, त्या हलवणाऱ्या ॲक्च्युएटरचा स्क्रू किती बाहेर आहे ते खरं. ‘बघू चालतात का’ म्हणून फ्लॅप हलवून बघणारा कोणीतरी असतोच. त्याला आधीच चहाला पाठवा.

छोट्या विमानात बहुधा ब्लॅक बॉक्स नसतो. पण टॅब्लेट, फोन, एंजिन मॉनिटर, कॉकपिटमधल्या जी1000 स्क्रीनमधलं एसडी कार्ड यांत पुष्कळ काही असतं. चालू करून बघायचा मोह आवरा, कारण त्यात जुनी नोंद पुसली जाऊ शकते. लॉगबुकं, वजनाचा तक्ता, इंधन भरल्याची पावती कपाटात बंद करा आणि किल्ली एकाकडेच ठेवा.

धावपट्टीच्या टोकावरून बाहेर गेलेल्या विमानाला आणखी दोन-तीन नोंदी लागतात. पाणी किती साचलं होतं, गवत किती उंच आणि ओलं होतं, टायरमध्ये हवा किती. हायड्रोप्लेनिंग, म्हणजे चाक पाण्याच्या थरावर तरंगून घसरणं, सुरू होण्याचा वेग नॉटमध्ये, टायरमधल्या हवेच्या पीएसआयमधल्या दाबाच्या वर्गमुळाच्या नऊपट धरतात. 29 पीएसआयच्या टायरला तो 48 नॉटच्या घरात येतो. अप्रोचचा, म्हणजे उतरायला येतानाचा, वेग दहा टक्के जास्त असला तर उतरायला साधारण वीस टक्के जास्त जागा लागते, हेही ध्यानात ठेवा.

साक्षीदारांना एकत्र बसू देऊ नका. चार जण बोलले की चौघांची एकच गोष्ट होते. प्रत्येकाला तो उभा होता तिथेच नेऊन विचारा, मध्ये तोडू नका, ‘इंजिन बंद पडलं होतं ना?’ असं तोंडात घालू नका. विमानांतलं काही न कळणारा माणूस मला जास्त उपयोगाचा वाटतो. तो पाहिलेलं सांगतो, आपण लावलेलं नाही. पायलटकडे डॉक्टरांनंतर जा, आणि चुका काढायला जाऊ नका. परिशिष्ट 13 च्या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं नव्हे, हे त्याला स्पष्ट सांगा.

मग पथक येईल, आणि परवानगी मिळाल्यावर विमान उचलायची वेळ येईल. पंख काढताना कंट्रोल केबल कापाव्या लागल्या तर कापलेल्या प्रत्येक टोकाला टेप लावून ‘उचलताना कापली’ अशी चिठ्ठी बांधा. आपटताना ताणाने तुटलेल्या केबलचे धागे बारीक होत झाडूसारखे पिंजारलेले असतात, कटरने कापलेले बोथट आणि एका पातळीत. पण ट्रकमध्ये घासून आल्यावर तीन महिन्यांनी हँगरच्या कोपऱ्यात ते ओळखायला भिंग लागतं, चिठ्ठी असली की लागत नाही.